पपी मिलचं पिल्लू टाळून शेल्टरमधून दत्तक घेताना: पहिल्या विचारापासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत

घरात कुत्रा आणायचं नुसतं ठरायचा अवकाश, फोनवर पिल्लांचे फोटो फिरायला लागतात. लगोलग कुणाचा तरी मेसेज येतो, 'एकच उरलंय, आज ॲडव्हान्स भरा, उद्या घरपोच.' पपी मिलचा, म्हणजे नुसत्या पैशासाठी कुत्र्यांची सतत पैदास करणाऱ्या जागांचा, सगळा धंदा घेणाऱ्याच्या या घाईवर चालतो. शेल्टरमध्ये, म्हणजे बेवारस प्राण्यांना आसरा देणाऱ्या संस्थेत, मात्र फॉर्म भरा, प्रश्नांची उत्तरं द्या, पुन्हा एकदा येऊन भेटा, घर दाखवा, असं चाललेलं असतं आणि पुष्कळ लोक त्याला वैतागून विकत घ्यायच्या वाटेला लागतात. माझ्या मते दत्तक घेण्यातला सगळ्यात मोठा फायदा या वेळखाऊपणातच आहे. तो वेळ कसा वापरायचा, ते पुढे क्रमाने देतो आहे. मुख्य भर कुत्र्यांवर आहे. मांजरांचं जिथे वेगळं असतं, तिथे ते सांगितलं आहे.

पपी मिलमध्ये नेमकं काय चालतं

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि बहुतेक कुत्र्या साधारण सहा महिन्यांनी पुन्हा माजावर येतात. काळजी घेणारा ब्रीडर (पैदास करणारा) दोन वेतांमध्ये तिला विश्रांती देतो आणि ठराविक वयानंतर तिची वेतं थांबवतो. मिलमध्ये जवळजवळ प्रत्येक माजाला वेत घेतलं जातं. साफसफाईचं काम वाचावं म्हणून पिंजऱ्याला खालूनही जाळीच असते, आणि त्या जाळीवर उभं राहून कुत्र्यांच्या पंजांना जखमा होतात. कुत्री पिल्लं देईनाशी झाली की तिचा उपयोग संपला.

गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही. त्याच्यासमोर येतं ते न्हाऊमाखू घातलेलं पिल्लू. मग त्याचा आपल्याला काय त्रास, असं कुणी विचारेल. त्रास दोन प्रकारचा आहे.

पहिला स्वभावाचा. पिल्लाचं साधारण तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतचं वय जग ओळखण्याचं असतं. माणसं, मुलं, आवाज, जिने, गाड्या, दुसरी कुत्री यांची या काळात चांगली ओळख झाली तर पुढे त्यांची भीती वाटत नाही. मिलच्या पिल्लाचा हा काळ पिंजऱ्यात, वाहतुकीच्या खोक्यात आणि दुकानाच्या काचेमागे जातो. किमान आठ आठवडे आईजवळ राहायला हवं, तेही पुष्कळदा होत नाही. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुकानातून आणलेल्या आणि लहान ब्रीडरांकडून आणलेल्या कुत्र्यांची तुलना केली होती. भीती, आक्रमकपणा, एकटं राहता न येणं, घरात घाण करणं अशा बहुतेक बाबतींत दुकानातली कुत्री मागे पडली.

दुसरा त्रास आजारांचा. पार्व्हो हा कुत्र्यांच्या आतड्यांचा जीवघेणा आजार. त्याचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. त्यामुळे व्यवहाराच्या दिवशी उड्या मारणारं पिल्लू घरी आल्यावर चौथ्या दिवशी रक्ताच्या जुलाबांनी आडवं होऊ शकतं. झळ माणसांनाही लागते. अमेरिकेत २०१६ ते २०१८ या काळात शंभरहून अधिक लोकांना कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूमुळे आजारपण आलं. तो जिवाणू अनेक अँटिबायोटिक्सना दाद देत नव्हता, आणि त्याचा माग दुकानात विकल्या जाणाऱ्या पिल्लांपर्यंत गेला.

कायदे हळूहळू बदलताहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१९ पासून दुकानांना कुत्री, मांजरं आणि ससे शेल्टर किंवा रेस्क्यू संस्थांकडूनच (प्राणी सोडवून सांभाळणाऱ्या) घ्यावे लागत होते, आणि २०२१ पासून दुकानांत त्यांची विक्रीच बंद झाली. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालची पिल्लं मधल्या दलालामार्फत विकायला बंदी आहे. तो कायदा 'लुसीज लॉ' म्हणून ओळखला जातो. लुसी ही वेल्समधल्या एका पपी फार्ममधून २०१३ साली सोडवलेली कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल कुत्री. वेतांवर वेतं काढून तिचं शरीर पार खिळखिळं झालं होतं, आणि २०१६ मध्ये ती गेली. फ्रान्सने १ जानेवारी २०२४ पासून दुकानांत कुत्री-मांजरं विकणंच थांबवलं.

कायदा असो वा नसो, खरेदीदाराने धरायची खूण एकच: पिल्लू जिथे जन्मलं तिथे, आईसोबत दाखवतात का? 'आई गावाला आहे', 'आत संसर्ग होईल म्हणून कुणाला सोडत नाही', 'आपण पार्किंगमध्ये भेटू' अशी उत्तरं आली की बोलणं तिथेच थांबवायचं. एकाच माणसाकडे बारमाही पाच-सात जातींची पिल्लं तयार असणं, 'टीकप' (अगदी इवलंसं कुत्रं) वगैरे शब्द, पाहण्याआधी पैसे, हे सगळं त्याच माळेतलं. नोंदणीच्या कागदांनी हुरळून जाऊ नका. कागद सांगतो आईबाप कोण ते. त्यांची तब्येत कशी होती आणि त्यांना कुठे ठेवलं होतं, हे त्यावर नसतं.

आणि दुकानातलं मलूल पिल्लू पाहून 'निदान याला तरी सोडवू' असं वाटतं, तेव्हा हात आवरणं फार जड जातं. पण पैसे दिले की ती विक्रीच होते आणि रिकाम्या पिंजऱ्यात पुढचं पिल्लू येतं. अशा वेळी फोटो, तारीख, पत्ता टिपून प्राणिकल्याण यंत्रणेकडे तक्रार करा.

पायरी १: घराचा खरा हिशेब

कुत्रा दहा ते पंधरा वर्षं जगतो, घरातलं मांजर त्याहूनही जास्त जगू शकतं. पहाटे फिरवायला कोण नेणार हे घरातल्या एका माणसाच्या नावावर आजच लिहून ठेवा. 'सगळे मिळून' याचा अर्थ बहुतेक घरांत 'कुणीच नाही' असा होतो. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी लेखी हवी. शेल्टरमध्ये परत येणाऱ्या प्राण्यांमागे घर बदलणं हे नेहमीचं कारण असतं. घरात कुणाला ॲलर्जी असेल तर त्या माणसाने त्याच प्राण्यासोबत निरनिराळ्या दिवशी तासभर बसून पाहावं. 'ॲलर्जी न होणारी जात' हे विक्रीचं वाक्य आहे. ॲलर्जी होते ती लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात.

खर्चात लस, जंतनाशक, गोचीड-पिसवांचं औषध, खाणं, आपण बाहेर असताना सांभाळणारं माणूस आणि अचानक येणारं आजारपण धरा. शेवटची बाब सगळे विसरतात.

मग वय. बहुतेकांना पिल्लूच हवं असतं, आणि नोकरी करणाऱ्या घरांसाठी नेमकी तीच निवड अवघड ठरते. पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, ते चावतं, रात्री रडतं, आणि मोठं झाल्यावर कसं निघेल याचा अंदाजही धड येत नाही. तीन-चार वर्षांच्या कुत्र्याचा आकार, ऊर्जा, मुलांशी वागणं हे सगळं समोर दिसत असतं. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांना मी मोठं कुत्रंच सुचवेन. सात-आठ वर्षांपुढची तर शांत घरासाठी सोन्यासारखी असतात, आणि त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही. एकाच वेतातली दोन पिल्लं एकदम नेण्याचा मोह मात्र टाळा. ती एकमेकांत इतकी रमतात की माणसाचं शिकवणं कानावर घेत नाहीत. मोठेपणी घट्ट जोडी जमलेले प्राणी शेल्टर एकत्रच द्यायला बघतं, त्यांची गोष्ट वेगळी.

जातीवरून स्वभाव ठरवण्याची सवयही जरा सैल करा. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची माहिती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा डीएनए तपासून केलेला अभ्यास आला. त्यात कुत्र्या-कुत्र्यांमधल्या वागण्याच्या फरकापैकी साधारण ९ टक्केच फरक जातीमुळे समजावता आला. शेल्टरच्या पाटीवर लिहिलेली 'लॅब मिक्स' (लॅब्रॅडॉरचं मिश्रण) ही जात तर पुष्कळदा नुसत्या नजरेने ठरवलेली असते. पाटीपेक्षा समोरचा कुत्रा वाचा.

पायरी २: संस्था पारखणं

सरकारी पाउंड (मोकाट प्राणी पकडून ठेवायची जागा), खासगी शेल्टर, आणि स्वयंसेवकांच्या घरी प्राणी ठेवणाऱ्या फॉस्टर संस्था, असे ढोबळ प्रकार दिसतात. पहिल्यांदा घेणाऱ्याला फॉस्टर सोयीचं. तिथला माणूस तुम्हाला सांगू शकतो की कुत्रा प्रेशर कुकरच्या शिट्टीला घाबरतो, मांजराच्या मागे लागतो, एकटा चार तास राहतो. पिंजऱ्यातल्या कुत्र्याबद्दल एवढं कुणालाच ठाऊक नसतं.

चांगली संस्था तुम्हाला उलटसुलट विचारते, प्राण्याचे दोषही सांगते, औषधोपचाराच्या नोंदी दाखवते, जमलं नाही तर परत घेते. वास थोडा येणारच, पण पाणी स्वच्छ हवं आणि आजारी प्राणी वेगळे ठेवलेले हवेत. रेस्क्यूची पाटी लावून पिल्लं विकणारेही असतात. त्यांच्याकडे सदोदित मागणी असलेल्या जातींची लहान पिल्लंच असतात, मोठं किंवा म्हातारं कुत्रं औषधालाही सापडत नाही. देणगीचा आकडा बाजारभावाशी जुळतो आणि नसबंदीचा विषय निघत नाही. प्रत्यक्ष भेटीआधी प्रवासखर्चाच्या नावाखाली पैसे मागितले तर ती सरळ फसवणूक समजा.

पायरी ३: विचारायचे प्रश्न

लाजू नका आणि उत्तरं वहीत लिहून घ्या. हा प्राणी इथे का आला? किती दिवस आहे? आधी कुणी नेऊन परत आणला का, आणणाऱ्याने काय कारण दिलं? कोणत्या लशी कोणत्या तारखांना दिल्या? जंतनाशक कधी? नसबंदी झाली आहे का? हृदयातल्या जंतांची तपासणी केली का? मांजर असेल तर एफआयव्ही आणि फेल्व्ह या मांजरांमधल्या विषाणूंच्या चाचणीचा निकाल काय? कधी कुणाला चावला आहे का, आणि नेमकं काय घडत असताना? खाताना भांड्याजवळ हात नेला तर काय करतो? कुत्री, मांजरं, लहान मुलं यांच्याशी त्याची गाठ पडली आहे का?

'नाही माहीत' हे उत्तर वाईट नव्हे. 'नाही हो, एकदम गरीब आहे' हे सगळ्याच प्रश्नांचं उत्तर असेल तर सावध व्हा.

पायरी ४: भेट

पिंजऱ्याच्या जाळीवर झेप घेऊन भुंकणारा कुत्रा बाहेर काढल्यावर पायाशी येऊन बसतो, आणि कोपऱ्यात गप्प बसलेला 'शहाणा' कुत्रा भीतीने गोठलेला असतो. म्हणून निर्णय पिंजऱ्यासमोर करायचा नाही. कुत्र्याला मोकळ्या जागेत आणायला सांगा. तुम्ही कडेने, अंग थोडं वळवून, खाली बसा आणि त्याला जवळ येऊ द्या. वरून डोक्यावर हात नेऊ नका, छातीशी किंवा मानेच्या बाजूला खाजवा, मग हात काढून घ्या. तो पुन्हा जवळ सरकला तर त्याला ते हवं आहे.

या खुणा ओळखता यायला हव्यात: भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, तोंड वळवणं, डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसणं, अंग ताठरणं. कुत्रा 'मला नको' म्हणतो ते असं. गुरगुरणं त्यानंतरचं. शेपटी हलते म्हणजे तो खूशच आहे असं नाही. ताठ, उंच, बारीक हलणारी शेपटी ताणाचीही असते.

घरातले सगळे एकदा तरी भेटायला हवेत. आधीचा कुत्रा असेल तर दोघांची भेट आतच, बंद जागेत घडवू नका. दोन माणसांनी दोन लीश (पट्ट्याला लावायची दोरी) धरून, मध्ये अंतर ठेवून, एकाच दिशेने चालायचं आणि हळूहळू जवळ यायचं. मांजराच्या बाबतीत उलट करावं लागतं: तुम्ही खोलीत बसायचं, हालचाल कमी करायची, आणि ते आपणहून येतं का हे बघायचं. लपून बसलेलं मांजर घरी रुळल्यावर वेगळंच निघतं, म्हणून त्याला लगेच नापास करू नका.

पहिल्याच दिवशी घेऊन जायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी, दिवसाच्या वेगळ्या वेळी पुन्हा जा. काही दिवस फॉस्टर म्हणून नेण्याची सोय असेल तर ती जरूर घ्या.

पायरी ५: कागदपत्रं

दत्तक शुल्क पाहून 'मग विकतच घेतल्यासारखं झालं' असं म्हणणारे भेटतात. त्या शुल्काची तुलना लस, नसबंदी, चाचण्या आणि ओळखीसाठी कातडीखाली बसवायच्या मायक्रोचिपच्या वेगवेगळ्या बिलांशी करून पाहा. करारनामा पूर्ण वाचा, विशेषतः परत करण्याचं कलम. बहुतेक संस्था प्राणी दुसऱ्या कुणाला परस्पर देऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मायक्रोचिपबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. तिच्यात जीपीएस नसतं. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चिपमध्ये फक्त एक क्रमांक असतो, आंतरराष्ट्रीय मानकानुसार १५ अंकी. तो क्रमांक तुमच्या फोन नंबराशी जोडून घेतला नाही तर चिप असून नसल्यासारखी. नोंद तुमच्या नावावर झाली का, हे त्याच आठवड्यात तपासा.

पायरी ६: घरी आणण्याचा दिवस

नवं कुत्रं पळून जाण्याचा धोका सगळ्यात जास्त पहिल्या काही दिवसांत असतो. त्याला तुमचं घर अजून आपलं वाटत नसतं, नावही ओळखीचं नसतं. गाडीचं दार उघडलं आणि ते सटकलं, असं होऊ देऊ नका. हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि मान न आवळता डोक्यावरून निसटू न देणारा मार्टिंगेल पट्टा, दोन्ही वापरा आणि दोन्हींना लीश लावा. गाडी थांबल्यावर आधी लीश हातात घट्ट धरायची, मग दार उघडायचं. फोन नंबर असलेला बिल्ला घरी पोचण्याआधीच पट्ट्यावर हवा. मांजर नेहमी बंद कॅरिअरमध्येच.

घरात एक शांत कोपरा किंवा खोली त्याच्यासाठी ठेवा. चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे, कांदा-लसूण, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरायचा पदार्थ) असलेली च्युइंग गम आणि मिठाई त्याच्या तोंडाच्या टप्प्यातून हलवा. मांजर असेल तर लिलीची फुलं घरात नकोतच, त्यांच्या परागांनीही मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, आणि कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन असलेलं गोचिडांचं औषधही.

या घरात गेल्या वर्षभरात पार्व्होने कुत्रं गेलं असेल तर लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नका. तो विषाणू महिनोन् महिने टिकतो. फरशी आधी साबणाने धुऊन मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या मिश्रणाने दहा मिनिटं ओली ठेवली तर तो मरतो. माती आणि गाद्यांचं काही खरं नसतं.

पायरी ७: तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने

शेल्टरवाल्यांचा हा ठोकताळा आहे. काटेकोर नियम नव्हे, पण दिशा बरोबर दाखवतो.

पहिले तीन दिवस प्राणी बधिरलेला असतो. खात नाही, सतत झोपतो, किंवा सतत येरझाऱ्या घालतो. या दिवसांत पाहुणे बोलावू नका, आंघोळ घालू नका, बाजारात मिरवू नका. शेल्टरमध्ये जे खात होता तेच द्या. नवं खाणं सात ते दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला, नाहीतर जुलाब होतात आणि तुम्ही विनाकारण घाबरता. एकाच दारातून, ठरलेल्या वेळी, लीश लावून बाहेर न्या. जागेवर शू केली की तिथेच, त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. घरात झाली तर मुकाट्याने पुसा. नाक घासल्याने त्याला एवढंच कळतं की या माणसासमोर शू करायची नाही, आणि मग तो सोफ्यामागे जातो. कुत्र्याने तीन दिवसांत काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्याला दाखवा. मांजराने चोवीस तास तोंड लावलं नाही तरी फोन करा, कारण उपाशी मांजराच्या यकृतावर लवकर परिणाम होतो.

तीन आठवड्यांच्या आसपास खरा स्वभाव बाहेर येतो, आणि इथेच माणसं हबकतात. 'पहिल्यांदा किती गुणी होता, आता भुंकतो, चपला फाडतो.' बिघडलेला नसतो तो, भीड चेपलेली असते. आता शिकवण्याची वेळ. बस, ये, सोड, एवढं पुरे. दोन-तीन मिनिटांचे धडे, दिवसातून चार-पाचदा. एकटं राहण्याचा सराव मिनिटाने सुरू करा: बाहेर जा, लगेच या, मग पाच मिनिटं, मग पंधरा. पहिल्या आठवड्यात रजा घेऊन चोवीस तास सोबत राहायचं आणि आठव्या दिवशी एकदम नऊ तास दार लावून जायचं, हे कुत्र्याला झेपत नाही.

मुलांसाठी तीन नियम: तो खात असताना जवळ जायचं नाही, झोपला असताना हात लावायचा नाही, मिठी मारायची नाही. मुलांना होणारे बरेचसे चावे ओळखीच्याच कुत्र्यांचे असतात. म्हणून मोठं माणूस त्याच खोलीत, फोन खाली ठेवून, हजर हवं.

मांजर पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा. तिथे लिटरचा (शी-शूसाठी वाळूसारख्या भरावाचा) ट्रे, पाणी, लपायला खोका. घरात आधीचं मांजर असेल तर दोघांचे टॉवेल अदलाबदल करून वासाची ओळख, मग दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग फटीतून दर्शन. याला आठवडे लागतात. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एकाने जास्त ठेवा.

तीन महिन्यांनी बहुतेक प्राणी घरचे होतात. मिलमधून सोडवलेल्या कुत्र्यांना मात्र कधी वर्ष लागतं. त्यांतल्या काहींनी गवत पाहिलेलं नसतं, जिना चढता येत नाही, लीश दिसली की जमिनीला चिकटतात. अशा कुत्र्याच्या सोबतीला दुसरा निर्धास्त कुत्रा घरात असेल तर तो त्याला पाहून माणसाकडून कधीच शिकला नसता अशा गोष्टी शिकतो.

पशुवैद्य

पहिल्या आठवड्यातच भेट, शेल्टरच्या सगळ्या कागदांसह. खोकला असेल तर तो केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांमधला संसर्गजन्य खोकला, असू शकतो. घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला तोवर लांब ठेवा. केस गोल गळलेले दिसले तर गजकर्णाची तपासणी करा, तो माणसांनाही होतो. विष्ठेचा नमुना सोबत न्या. पिल्लांच्या लशी साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्याव्या लागतात. मधेच सोडलेला कोर्स भरवशाचा नाही. रेबीजची लस कधीही टाळू नका.

जमलंच नाही तर

कुत्रा मुलांना खरोखर धोकादायक ठरतोय, किंवा आधीच्या मांजराचं जगणं अशक्य झालंय, असं होऊ शकतं. आधी संस्थेला फोन करा, त्यांना बहुतेक अडचणींवर तोडगा ठाऊक असतो. मारून शिकवणाऱ्यांच्या नादी न लागता बक्षिसाने शिकवणारा प्रशिक्षक गाठा. तरीही निभत नसेल तर संस्थेकडेच परत न्या आणि काय घडलं ते खरं खरं सांगा. त्या माहितीमुळे पुढचं घर नीट निवडता येतं. रस्त्यावर सोडणं किंवा ऑनलाइन 'फुकट देणे आहे' टाकणं यापेक्षा हे कितीतरी बरं.

विशिष्ट जातच हवी असेल तर

शेल्टरमध्ये जातिवंत कुत्रीही येतात, आणि एकेका जातीसाठी काम करणाऱ्या रेस्क्यू संस्थाही आहेत. तिथे नाव नोंदवा आणि थांबा. थांबताना त्या जातीचे आजार वाचून काढा: पग आणि फ्रेंच बुलडॉगला श्वास घ्यायला होणारा त्रास, कॅव्हेलियरचा हृदयाच्या झडपेचा आजार, लॅब आणि जर्मन शेफर्डचे खुब्याचे सांधे, डाल्मेशियनमधला बहिरेपणा. इंग्लिश बुलडॉगची तर बहुसंख्य पिल्लं सिझेरियनने जन्मतात. एवढं वाचल्यावर काहींचा विचार आपोआप बदलतो.

तरीही ब्रीडरकडेच जायचं असेल तर एकच जात, फार तर दोन, वाढवणारा माणूस शोधा. तो आई घरात दाखवेल, आईबापांच्या खुब्यांचे आणि डोळ्यांचे तपासणी अहवाल देईल, आठ आठवड्यांआधी पिल्लू हातात ठेवणार नाही, आणि कुत्रा कोणत्याही वयात परत घेण्याचं लिहून देईल. त्याच्याकडे आज पिल्लू तयार नसेल, प्रतीक्षायादी असेल. आणि तुम्ही दिवसातले किती तास घरी असता, हे त्याने एकदाही विचारलं नाही तर तिथूनही रिकाम्या हाताने निघा.